साडी साठवू नका, गोधडीचा थर साठवा

प्रश्न डोंबिवलीच्या एका ताईंचा आहे. घर दोन बेडरूमचं. त्या गोधड्या आणि कापडी पिशव्या शिवतात. नात्यातल्या बायका जुन्या साड्या आणून देतात, खालच्या दुकानातला शिंपी कातरणं देतो, घरातल्या जीन्स आणि शर्ट आहेतच. आज त्यांच्याकडे चौदा बोचकी आहेत, काही दिवाणात, काही माळ्यावर, दोन गॅलरीत. तीनदा डबे आणून सगळं रंगाप्रमाणे लावून झालं, पण दोन महिन्यांत पुन्हा तोच गोंधळ. हवा तो तुकडा सापडत नाही म्हणून नवीन कापड विकत आणावं लागतं. पावसाळ्यात दिवाण उघडला की कुबट वास येतो, काही जरीचे काठ काळे पडलेत. आणि त्याच ढिगात आजीची एक नऊवारी आहे, जिला कात्री लावायला हात धजत नाही. "अजून डबे घेऊ की कपाट करून घेऊ?" असं त्यांनी विचारलंय.

ताई, आत्ता दोन्हीतलं काहीच घेऊ नका. तुमची अडचण जागेच्या आधी सुरू होते. साडी बोचक्यात जाते तेव्हा ती अजून साडीच असते. तिचा विरलेला भाग किती, चांगला किती, ती गोधडीच्या आत जाणार की वर दिसणार, हे काहीच ठरलेलं नसतं. मग एक निळा तुकडा हवा असला तरी साडेपाच मीटर कापड उलगडायचं, उजेडात धरून बघायचं, पटलं नाही तर घाईत गोळा करून परत कोंबायचं. हेच तुम्ही दर वेळी चौदा बोचक्यांत करताय. डबा बदलला तरी हे काम तसंच राहतं. माझ्याकडचा नियम असा आहे की कापड ज्या रूपात गोधडीत जाणार, त्याच रूपात ते साठवायचं. आतला थर होणारी साडी थर म्हणूनच घडी घालून ठेवायची. तुकडे होणारी असेल तर आधी तुकडे करायचे आणि मगच ठेवायची. कापण्याचं काम नंतर करायचंच असतं, ते साठवण्याच्या आधी केलं की शोधाशोध जवळजवळ संपते आणि जागाही बरीच कमी लागते.

हे सगळ्यांना सारखंच लागू पडेल असं नाही. चौकोनी तुकड्यांची, मशीनवर जोडलेली गोधडी तुम्ही शिवता असं तुमच्या मजकुरावरून दिसतं, म्हणून पुढची मापं त्या हिशेबानं देते. हातानं धावदोरा घालून नुसते थर शिवत असाल, म्हणजे आपल्याकडच्या वाकळेसारखं काम असेल, तर तुकड्यांचा भाग सोडून द्या आणि थरांचा तेवढा घ्या. कर्नाटकच्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या हल्याळ, यल्लापूर भागातल्या सिद्दी, म्हणजे मूळ आफ्रिकी वंशाच्या समाजातल्या बायका जी कवंद नावाची गोधडी शिवतात तिला तर ही पद्धत उलट अडचणीची ठरेल. त्या कडेकोपऱ्यापासून आत येत, हाताला लागेल त्या आकाराचं ठिगळ बसवत जातात आणि त्या कामाचा सगळा जीव त्या वेड्यावाकड्या आकारांतच असतो. तसं शिवायचं असेल तर चौकोन कापून ठेवणं म्हणजे कापडाचं नुकसान. दुसरी गोष्ट, तुमचं घर कोणत्या दिशेला आहे आणि दिवाण कोणत्या भिंतीला लागून आहे यावर साठवणुकीचा अर्धा भाग अवलंबून आहे. तिकडे खाली येतेच.

आधी रंगांचं बोलू, कारण तीनदा जे बिघडलं ते तिथेच. निळ्या डब्यात तुमच्याकडे निळं जॉर्जेट, निळं सुती, निळं सॅटिन, निळं शर्टिंग सगळं एकत्र पडलं असणार. शिवायला बसल्यावर यातलं एकमेकांशेजारी काहीच चालत नाही. विरत आलेल्या सुती साडीच्या तुकड्याला घट्ट विणीचं नवं शर्टिंग जोडलं की दोनचार धुण्यांत साडीचा तुकडा शिवणीलगत फाटतो. शिवण शाबूत राहते, शेजारचं कापड जातं. पॉलिस्टरला सुती जोडलं की सुती आकसतं, पॉलिस्टर जागचं हलत नाही आणि सुरकुत्या पडतात. म्हणून पहिली विभागणी धागा आणि जाडीप्रमाणे करायची: पातळ सुती म्हणजे साडी, मलमल, जुनं धोतर, मध्यम सुती म्हणजे शर्ट, परकराचं कापड, चादरी, जाड सुती म्हणजे जीन्स, पडद्याचं कापड, रेशीम, आणि सगळं कृत्रिम. रंग त्याच्या आत, आणि तोही नुसता गडद आणि फिका एवढाच. यापेक्षा बारीक वर्गवारी घरात टिकत नाही, कारण परत ठेवताना विचार करावा लागतो आणि विचार करावा लागला की माणूस वस्तू वरच ठेवून देतो.

आता नवीन कापड घरात आलं की काय करायचं ते बघू. हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे, म्हणून सविस्तर सांगते.

प्रथम साडी खिडकीत उजेडासमोर धरा. बसायच्या जागेवर आणि पायाशी घासणाऱ्या काठाजवळ ती आधी विरते. तिथून उजेड जाळीसारखा आरपार दिसला तर तो भाग वरच्या बाजूला वापरायचा नाही. मग दोन अंगठे चार इंचांवर ठेवून कापडाला हिसका द्या, एकदा उभा, एकदा आडवा. चर्र आवाज आला आणि धागे सरकले तर ते कापड गोधडीच्या आत जाईल. आवाज न होता सरळ फाटलं तर ते आतही टिकत नाही, त्याची पुसणी करा. ही परीक्षा तीन ठिकाणी घ्या: पदराजवळ, मध्ये, आणि जिथे वर्षानुवर्षं घडी पडलीय तिथे. घडीची रेघ फसवते, बाकी साडी मजबूत असून तेवढीच जागा गेलेली असते.

धागा ओळखता आला नाही तर बोटभर लांबीचे दोनचार धागे चिमट्यात धरून जाळा, खाली पाण्याची वाटी ठेवा, अंगावरच्या ओढणीपासून लांब. सुती कागदासारखं जळतं आणि राखाडी मऊ राख राहते. रेशमाला केस जळल्याचा वास येतो आणि राहिलेला काळा कण चुरला जातो. पॉलिस्टर वितळतं आणि टणक मणी राहतो, तो गरम असताना बोटाला चिकटतो, हात लावू नका. रेयॉन मात्र सुतीसारखंच जळतं आणि इथे बऱ्याच जणी फसतात. त्यासाठी पट्टी मध्यभागी ओली करून ओढायची. रेयॉन ओल्या जागीच तुटतं, सुती ओलं झाल्यावर उलट जास्त चिवट होतं. रेयॉनचा तुकडा गोधडीत गेला तर धुताना ओला असतानाच तो लवकर फाटू शकतो, म्हणून ही परीक्षा टाळू नका.

यानंतर धुणं. खळ किंवा कांजी असलेली साडी कधीही तशीच ठेवायची नाही. चंदेरी रंगाची सुळसुळ पळणारी कसर कापडापेक्षा त्या खळीवर येते आणि खळ खाताना कापड कुरतडते. कोमट पाण्यात रात्रभर भिजवा, पाणी बुळबुळीत लागेनासं होईपर्यंत दोनतीनदा खळबळून काढा. नवीन कातरणंही धुवायलाच हवीत, ती अजून आकसलेली नसतात. पण मशीनमध्ये मोकळी टाकलीत तर धाग्यांचा असा गुंता होतो की निम्मं कापड कापून टाकावं लागतं. वीतभर किंवा त्याहून लहान कातरणं बादलीत भिजवून हातानं पिळा, मोठी जाळीच्या पिशवीत घालून मशीनला लावा. लाल, मरून आणि गडद निळं वेगळं. वाळलं तरी रंगाचा भरवसा वाटत नसेल तर तुकडा ओला करून त्यावर पांढरं कापड ठेवा आणि इस्त्री फिरवा, पांढऱ्यावर डाग उठला तर तो तुकडा फिक्या गोधडीत नको. मीठ आणि तुरटीच्या पाण्यानं रंग पक्का होतो असं सांगतात, त्यावर विसंबू नका. बाजारातल्या रंगवलेल्या कापडाला त्याचा भरवशाचा उपयोग होत नाही.

मग इस्त्री. कडक उन्हात वाळलेल्या कापडातही थोडी ओल असते, इस्त्रीनं ती जाते. पण इस्त्री केलेली चळत गरम असतानाच डब्यात घालून झाकण लावायचं नाही. आत वाफ धरते आणि कुबट वासाची सुरुवात तिथूनच होते. पंख्याखाली तासभर पसरून ठेवा.

आता कापणं. सहावारी साडी साधारण साडेपाच मीटर, म्हणजे २१६ इंच. काठ काढल्यावर रुंदी ४० इंचांच्या आसपास राहते. ५ बाय ७ फुटांच्या गोधडीचा एक थर करायला ८७ इंचांचे दोन तुकडे कापा आणि लांबीच्या बाजूनं जोडा. रुंदी ७९ इंच होते, हवी ६२. जादाची १७ इंचांची पट्टी आणि शेवटचा ४२ इंचांचा तुकडा उरतो. म्हणजे एका साडीतून एक अख्खा थर आणि शिवाय कापड चांगलं असेल तर ५ इंची शंभराच्या आसपास चौकोन निघतात. थर लगेच जोडून टाका. साध्या शिवणीला दहा मिनिटं लागतात, पण जोडलेला थर घडी घालून ठेवला की पुढे तो थेट गोधडीवर अंथरता येतो. विरलेला भाग थराच्या मधोमध न येता कडेकडे राहील असं जोडा, मध्यावर गुडघ्यांचा आणि कोपरांचा जोर येतो.

चौकोन मी ५ इंचांचे ठेवते. पाव इंचाची शिवण दोन्हीकडून गेली की साडेचार इंच दिसतात. १३ आडवे आणि १९ उभे, म्हणजे २४७ तुकड्यांत साडेअठ्ठावन्न बाय साडेपंच्याऐंशी इंचांचा वरचा पदर, म्हणजे गोधडीची दिसणारी बाजू, तयार होतो आणि बाकीचं माप किनारीत भरून निघतं. दुसरं माप अडीच इंच रुंद पट्टीचं, लांबी मिळेल तेवढी. ५ इंचांत न बसणारं सगळं या पट्टीत जातं, पिशवीचे बंद आणि गोधडीतल्या ओळी त्यातूनच होतात. यापेक्षा लहान काही ठेवू नका. दोन इंचांचं कातरण जपावंसं वाटतं खरं, पण तसे तुकडे जोडायला लागणारा दोरा आणि वेळ बघितला तर ते उशीत भरणंच बरं.

मापाचा एक पुठ्ठा कापून ठेवा, किंवा जुन्या क्लिपबोर्डच्या प्लायचा ५ इंची चौकोन करून घ्या, कारण पुठ्ठ्याची कड शंभरेक तुकड्यांनंतर झिजते आणि चौकोन हळूहळू लहान होत जातात. पाव सुताचा (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) फरक १९ तुकड्यांत चांगला दिसतो.

तुकडे मोजत बसू नका, स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर तोला. ५ इंची शंभर चौकोन म्हणजे १.६ चौरस मीटर कापड. साडीसारखं पातळ सुती असेल तर शंभरांचं वजन १३० ग्रॅमच्या आसपास भरतं, शर्टिंगचं १९० ते २००. म्हणजे एका गोधडीच्या वरच्या पदराला पातळ सुतीचे ३२० ते ३५० ग्रॅम आणि शर्टिंगचे अर्धा किलो तुकडे लागतात. तुमच्या कापडाचे शंभर तुकडे एकदा स्वतः तोलून तो आकडा डब्यावर लिहून ठेवा. मग कोणत्याही दिवशी डबा काट्यावर ठेवला की कळतं, गोधडीपुरतं झालंय की नाही.

इथूनच मर्यादाही ठरवता येते, आणि तुमचं घर वाचवणारी गोष्ट तीच आहे. एका वेळी घरात दोन गोधड्यांपुरतं कापड पुरे. तीन थरांची गोधडी असेल तर सहा थर, वरच्या पदरांसाठी पातळ तुकडे पाऊण किलो किंवा शर्टिंगचे एक किलो, आणि पट्ट्यांची एक पिशवी. त्याच्या वर आलं तर एकतर शिवायला बसायचं, नाहीतर आणणाऱ्या काकूंना सांगायचं की सध्या नको, दिवाळीनंतर द्या. लोक जुनी साडी देतात तेव्हा ती कुठेतरी चांगल्या हातात जावी एवढंच त्यांना हवं असतं, आत्ताच हवी असं नसतं.

काठ वेगळे करताना अर्धा इंच साडीचं कापड सोबत ठेवा, म्हणजे शिवायला धर मिळतो. ६ इंच रुंद पुठ्ठ्यावर गुंडाळले तर एक वेढा एक फुटाचा होतो. ५ बाय ७ फुटांच्या गोधडीचा घेर २४ फूट, कोपऱ्यांसाठी दोन धरले की २६ वेढे म्हणजे एका गोधडीची किनार. पुठ्ठ्यावर आकडा लिहिला की उलगडून मोजायला नको.

जरी काळी का पडली ते आता सांगते. खऱ्या जरीत रेशमाच्या धाग्यावर चांदीचा तार गुंडाळून वर सोन्याचं पाणी दिलेलं असतं, आणि गंधक लागलं की चांदी काळवंडते. घरात गंधक कुठून येतं? पुष्कळदा रबरबँडमधून. काठांची गुंडाळी रबरानं बांधली असेल तर नीट बघा, डाग बरोबर त्या रेषेत आणि तिच्या आजूबाजूला असेल. रबर काढा, सुती नाडीनं बांधा, जरी मलमलच्या तुकड्यात गुंडाळा. डांबरगोळ्या जरीला लागून कधीच ठेवू नका. वर्तमानपत्रातही गुंडाळू नका, त्याची शाई लागते आणि कागद पिवळा पडताना शेजारचं कापडही पिवळं करतो. प्लास्टिकच्या जरीला काळेपणा येत नाही, पण इस्त्रीनं ती गोळा होते. म्हणून काठाच्या टोकाला, न दिसणाऱ्या जागी आधी इस्त्री टेकवून बघा.

जीन्सबद्दल थोडक्यात. गोधडीत घालू नका, शेजारच्या पातळ कापडाला ती टिकू देत नाही आणि वाळायला दोन दिवस लावते. पिशव्यांसाठी पाय आतल्या शिवणीतून उसवून सपाट तुकडे करा, कमरपट्टा आणि खिसे वेगळे, पितळी चेन उसवून चेनच्या डब्यात. रिव्हेटचा, म्हणजे खिशाच्या कोपऱ्यातल्या धातूच्या टिकलीचा, भाग कापून टाका, सुई मोडते ती तिथेच. शिवायला १६ किंवा १८ नंबरची सुई.

आता दिवाण आणि पावसाळा. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर सहज असते आणि ६५ ते ७० टक्क्यांच्या वर फार काळ राहिली की बुरशी धरते. म्हणजे हे चार महिने बुरशीला घरबसल्या मोसम मिळतो. त्यावर उपाय एवढाच की कापड पूर्ण कोरडं असताना, म्हणजे एप्रिल-मेच्या किंवा ऑक्टोबरच्या उन्हात, बंद करायचं आणि मृगाच्या आधी सगळं बंद झालेलं असायला हवं. जुलैत आलेली साडी धुतली तरी डब्यात घालू नका. इस्त्री करून खोलीत, पंख्याच्या वाऱ्यात उघड्या टोपलीत ठेवा आणि उन्हं पडली की आत घ्या. तुमच्या दिवाणातला वास पहिल्यांदा कधी आला ते आठवून बघा, पावसाळ्यात कोंबलेल्या एखाद्या बोचक्यापासूनच तो पसरला असण्याची शक्यता जास्त आहे.

दिवाणाची मागची बाजू पश्चिमेच्या भिंतीला लागून असेल तर पावसाची झड त्या भिंतीवर बसते आणि भिंतीची ओल लाकडातून आत येते. दिवाण भिंतीपासून तीन इंच पुढे ओढा. आतल्या तळाच्या फळीवर लाकडी पट्ट्या टाकून डबे त्यावर ठेवा, फळीला टेकून नको. डबे घट्ट झाकणाचे, पारदर्शक, २० ते २५ लिटरचे घ्या. भरल्यावर ८ किलोच्या वर जाऊ देऊ नका, कारण एकटीला उचलता येत नसलेला डबा कोणी उघडत नाही. सिलिका जेल वापरायचं तर घट्ट झाकणाच्या डब्यातच, २० लिटरला १०० ग्रॅम, मलमलच्या पुरचुंडीत. नारंगी दाणे घ्या, ओल शोषली की हिरवट होतात. स्वयंपाकाच्या भांड्यात न घेता वेगळ्या ताटात ओव्हनला ११० ते १२० अंशावर दोन तास ठेवले की पुन्हा नारंगी होतात. उघड्या बोचक्यात जेल टाकण्यात अर्थ नाही, ते सगळ्या खोलीची ओल ओढत बसतं. बाजारात पाणी साठवणारे ओलशोषक डबे मिळतात, ते कापडाजवळ नकोत. आडवे झाले की आतलं खारं पाणी थेट थरात उतरतं.

साडीचे जे चुळचुळणारे प्लास्टिकचे कव्हर मिळतात त्यात वर्षानुवर्षं काही ठेवू नका. त्यातून सुटणाऱ्या रसायनानं कापड पिवळं पडतं. त्यापेक्षा उशीचे जुने सुती अभ्रे उत्तम. एका अभ्र्यात तीनेक किलो थर मावतात, हवा खेळती राहते. माळ्यावर ठेवायचं असेल ते अभ्र्यात घालून. पण रेशीम आणि इलॅस्टिक माळ्यावर नको, तिथला मेचा उकाडा दोघांनाही सोसत नाही. पत्र्याचे जुने डबे दमट हवेत गंजतात आणि गंजाचा डाग जात नाही, वापरायचेच तर आत चादरीचं अस्तर लावून. गॅलरीतली दोन बोचकी आजच आत घ्या.

किडीबद्दल दोन वाक्यं जास्त लिहिते, कारण इथे लोक एकावर एक उपाय करून बिघडवतात. रेशीम आणि लोकर खाणारी केसाळ अळी वेगळी आणि सुती, कागद, खळ खाणारी कसर वेगळी. तुमच्या सुती कापडाला छिद्रं असतील तर आधी खळ, अन्नाचे डाग आणि धूळ बघा. रेशमाच्या काठांना असतील तर ते काठ दोन पिशव्यांत घट्ट बंद करून घरच्या फ्रीजरमध्ये उणे १८ अंशावर दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, ती खोलीच्या तापमानाला येईपर्यंत थांबा, नाहीतर बाष्प थेट कापडावर धरतं. डांबरगोळ्या आणि कापूर एकत्र कधीच ठेवू नका, दोन्ही मिळून विरघळल्यासारखे होतात आणि तेलकट डाग पडतो. घरात लहान मूल असेल तर मी डांबरगोळ्या ठेवतच नाही, गोळी तोंडात जाण्याचा धोका खरा असतो. वेखंड आणि कडुलिंबाची वाळलेली पानं चालतात, पण पुरचुंडीत, कापडाला थेट लागू न देता, आणि त्यानं आधी शिरलेली कीड मरत नाही हे लक्षात ठेवून.

छोट्या वस्तूंना मी फार वेळ देत नाही. शर्टाची बटणं एकाच दोऱ्यात ओवून ठेवा, म्हणजे संच मोडत नाही आणि कॉलरचं लहान बटण हरवत नाही. चेन मेणबत्ती फिरवून, दोनदा उघडझाप करून मगच ठेवा. इलॅस्टिक ताणून सोडा, कुरकुरलं किंवा परत आलं नाही तर टाका. जुना दोरा वीतभर ओढून तोडून बघा. सहज तुटला तर मोह नको, सगळी गोधडी त्याच्या भरवशावर असते. सुया आणि कात्री कापडाच्या डब्यात ठेवू नका.

डब्यावर चिठ्ठी लिहिताना आत काय आहे एवढंच न लिहिता किती आहे तेही लिहा: "पातळ सुती, गडद, ५ इंच, ३४० ग्रॅम". आणि झाकणाच्या कडीला आतल्या कापडाची एक चिंधी बांधा. चिठ्ठी वाचायच्या आधी चिंधी दिसते आणि हात बरोबर त्या डब्यावर जातो.

सुरुवात अशी करा. चौदाही बोचकी उघडू नका, घरभर पसारा होईल आणि रात्री ते तसंच परत भरावं लागेल. एक बोचकं काढा आणि उघडण्याआधी तोला. मग फक्त पाच ढीग: पातळ सुती, मध्यम सुती, जाड, रेशीम, कृत्रिम. कृत्रिम आणि पार विरलेलं त्याच दिवशी घराबाहेर जाऊ द्या, बोहारीण येत असेल तर तिला द्या, नाहीतर उशांच्या भरावात. चौदा बोचक्यांना आठवड्याला एक या गतीनं सव्वातीन महिने लागतील. पावसाळा जवळ असेल तर आधी सगळ्यांना ऊन दाखवून धुण्याचं आणि वाळवण्याचं काम उरका, कापायचं पावसात घरात बसून करता येतं. एक बोचकं कापून संपल्याशिवाय दुसरं कापायला काढायचं नाही.

राहिली आजीची नऊवारी. ती आजच या ढिगातून बाहेर काढा आणि तुमच्या नेसत्या साड्यांबरोबर ठेवा. ती कच्च्या मालात आहे म्हणून दर वेळी बोचकं उघडताना हात अडखळतो आणि मग बाकीच्या साड्याही कापायच्या राहतात. नुसती जपायची असेल तर धुवून, खळ काढून, मलमलमध्ये ठेवा आणि दर तीन महिन्यांनी घडीची जागा बदला. ती सुती असेल आणि घडीवर फाटायला लागली असेल तर मात्र घडीत ती तशीही जाणार आहे. नऊवारी सव्वाआठ मीटरच्या आसपास असते. काठ न काढता ८७ इंचांचे दोन तुकडे घेतले की गोधडीचा एक अख्खा थर होतो आणि साडेतीन मीटरहून जास्त साडी पदरासकट उरते. तो थर आत दडवू नका. गोधडीच्या खालच्या बाजूला, अंगाला लागेल असा घ्या. कित्येक वर्षं धुतलेलं सुती जितकं मऊ असतं तितकं नवीन कापड होत नाही. पदर कापू नका, तो वेगळा गुंडाळून ठेवा.